नाशपातीला तान

जबलपुरात वाळवंट नाही. नर्मदा गावाला वळसा घालून जाते, तलाव किती यावर दोन माणसांचं एकमत होत नाही, आणि पावसाळ्यात आमच्या मदन महालकडच्या गल्लीत रिक्षावाले शिरायला नाही म्हणतात. अशा गावात कुणाला वाळवंट हवंच असेल तर ते त्याला घरी करावं लागतं. मी केलं. कॉलनीच्या फाटकाशेजारी, साधारण एका खाटेएवढं.

याला कारण माझं इंग्रजी. माझ्या पत्नीनं, पुष्पानं, अधारतालच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून नाशपातीचं रोप आणलं. त्याच्या गळ्यात पत्र्याची पाटी होती, ‘सँड पियर’. नर्सरीवाल्यानं सल्ला दिला होता, “लगा दीजिए, लग जाएगा.” त्या धंद्यात एवढा एकच सल्ला असतो. पण मी शिकलेला माणूस. सँड म्हणजे रेती, पियर म्हणजे नाशपाती. रेतीत वाढणाऱ्या झाडाला आमच्या चिकट काळ्या मातीत लावणं म्हणजे उंटाला नर्मदेत उभं करून वर ‘कसं वाटतं’ विचारणं. मी खड्ड्यातली सगळी काळी माती उपसली आणि शेजारच्या बांधकामावरची रेती भरली.

“अहो, चांगली माती काहून काढून राहिले?” पुष्पा म्हणाली.

“शास्त्र आहे,” मी म्हणालो.

उपसलेली माती रत्नाकर घेऊन गेले. त्या वर्षी त्यांच्या शेवंतीला बशीएवढी फुलं आली. सौजन्य म्हणून त्यांनी ती मला दाखवलीही.

रत्नाकर हे आमच्या कॉलनीचे चिटणीस. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झाले, पण फोरमनपण तिथे जमा करायचं राहून गेलं. त्यांनी नवी गाडी घेतली. ती उत्तम आहे, फक्त त्यांच्या स्वतःच्या फाटकातून आत जात नाही. गाडी घेण्याआधी फाटक मोजावं हे ज्याला सुचत नाही, त्याच्याकडे आपण सगळ्यांनी मिळून पाण्याच्या टाकीची व्यवस्था सोपवलेली आहे. असो. तर ती गाडी उन्हात उभी राहायची, आणि रत्नाकरांचा डोळा कॉलनीच्या फाटकाशेजारच्या त्या जमिनीच्या पट्टीवर होता. पट्टी सगळ्यांची, म्हणजे चिटणिसांची. पुष्पानं सभेत उभं राहून ती झाडासाठी मागितली. पुष्पा सभेत कधी बोलत नाही, त्यामुळे सगळे घाबरून हो म्हणाले. रत्नाकरांनी तेवढ्यात ठरावाला शेपूट जोडलं, की पट्टीवर जिवंत फळझाड असेल तोवर जागा झाडाची. संक्रांतीनंतरच्या सभेत ते जिवंत आढळलं नाही, तर फरशी घालून जागा गाडीला.

आता पुष्पाचं म्हणाल तर मी रेल्वेत होतो. प्रत्येक क्वार्टरमागे तिनं काही ना काही लावलं. इटारसीला पेरू, कटनीला सीताफळ. झाड फळावर यायचं आणि माझी बदली व्हायची. रेल्वेचं वेळापत्रक एवढं अचूक मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. फळं पुढच्यांनी खाल्ली. हे पहिलंच झाड होतं जे सोडून कुठे जायचं नव्हतं. हे ती कुणाला बोलली नाही. मलाही नाही. फक्त रोज सकाळी चहाआधी फाटकापाशी जाऊन यायची.

पावसाळाभर झाड बरं होतं. वाळवंटातही पाऊस पडला की बरंच वाटत असणार. पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन आलं, आणि मग आमच्या लक्षात आलं की पाईप लावला तर पाणी झाडापाशी थांबतच नाही. वरून घातलं की खालून नर्मदेला परत. पानांच्या कडा करपल्या, मग ती द्रोणासारखी वळली.

जबलपुरात आजारी माणसाला बघायला लोक येतात, आजारी झाडाला बघायला त्याहून जास्त येतात, कारण झाड उलट बोलत नाही. कुणी ताक घालायला सांगितलं, कुणी गुळाचं पाणी. शेजारच्या सुमेधा दीदी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी पान चिमटीत धरून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “डिहाइड्रेशन है. ओआरएस दीजिए, थोड़ा-थोड़ा करके.” मी विचारलं, संत्र्याच्या चवीचं चालेल का. त्या म्हणाल्या, चलेगा. आमचे चिरंजीव अंकुर यांनी ते खरोखर आणलं. त्यांना मी ‘यांनी’ म्हणतो, कारण ते आयटीत आहेत.

शेवटी मी माती प्रयोगशाळेत तपासायला दिली. तिथल्या माणसानं पिशवीतली रेती बोटांतून सोडून पाहिली.

“सैंपल कहाँ का है?”

“मदन महल.”

“नहीं, असल में कहाँ का है?”

अहवालात ‘मरुस्थल सदृश’ असा शेरा आला, आणि खाली बाजरी घेण्याची शिफारस. त्याच संध्याकाळी जेवताना अंकुरनं मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, “बाबा, सँड पियर म्हणजे ते फल जो है ना, खाताना रेतीसारखं कचकच करतं, म्हणून नाव सँड. झाड रेतीत नाही लावत.” मी म्हणालो, इंग्रजांना फळ कचकचीत वाटलं तर त्यांनी सरळ कचकचीत म्हणावं. अशा संदिग्ध भाषेच्या लोकांना आपण घालवलं ते योग्यच झालं. पुष्पा काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं साधारण दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत ऐकू येतं.

रेती काढावी, तर मुळं तिच्यात शिरलेली. तेव्हा रेती राहू द्यायची आणि पाणी थेंबाथेंबानं द्यायचं असं ठरलं. मी मडकं आणलं, बुडाला भोक पाडून त्यात सुती वात घातली आणि तीन बांबूंच्या तिकाटण्यावरून ते झाडावर टांगलं. वरून ऊन लागू नये म्हणून पुष्पाची जुनी पांढरी साडी बांधली. या कामात माझी कंबर धरली, म्हणून दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही.

इकडे कुणी गेलं की दहा दिवस पिंपळाला मडकं बांधतात आणि त्यातून थेंब थेंब पाणी सोडतात. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि आठवणं यांची खाती वेगळी आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात अनुपमजी. हे कॉलनीच्या टोकाला राहतात, शाळेत संगीत शिकवायचे. पांढरा कुर्ता, खाली मान, मागे तशाच खाली माना घातलेले आणखी दोघे. मी कंबर धरून दार उघडलं. अनुपमजींनी मान वर केली.

“आप?”

“जी.”

“तो फिर कौन?”

“अभी तक कोई नहीं,” मी म्हणालो. “आइए, चाय लीजिए.”

ते बसले, पण त्यांचा थोडा विरस झालेला दिसला. दुपारी रत्नाकर आले. त्यांनी तर सोसायटीचा शोकप्रस्ताव लिहूनच आणला होता. तो वाया जाऊ नये म्हणून मी वाचला. त्यात मला ‘मितभाषी आणि सर्वांच्या उपयोगी पडणारे’ म्हटलं होतं. त्यावरून मसुदा आधीच्या कुणाचा तरी होता हे कळलं. रत्नाकर मात्र माझ्याकडे पाहत नव्हते. खिडकीतून मडक्याकडे पाहत होते. “माणूस ठीक आहे,” ते म्हणाले, “पण झाडाचं काही खरं नाही दिसून राहिलं, रामकृष्णजी.” आणि जाताना त्यांनी पट्टी पावलांनी मोजली.

डिसेंबरात पुष्पाचे मोठे भाऊ गणपतराव वरूडहून आले. त्यांची संत्र्याची बाग आहे, आणि बाग असलेल्या माणसाला कुठल्याही झाडाविषयी बोलायचा परवाना असतो. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, मडकं खाली उतरवलं आणि बोट रेतीत खुपसलं.

“पुष्पे, हे पानी देनं पहिले बंद कर. घोट घोट पाजून तुमी याले कामचुकार करून ठेवलं. याले आता तान द्या, जवाईबापू. बरोबर तान बसला की फेब्रुवारीत फूलच फूल.”

वाचकांपैकी जे बागायतदार नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याला बहर यावा म्हणून काही आठवडे त्याचं पाणी तोडतात, याला ताण देणं म्हणतात. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, आणि जाता जाता ते फुलून घेतं. मग पाणी सोडून ताण तोडायचा. माणसांत हाच प्रयोग सरकारी नोकरीत करतात, पण तिथे ताण तोडायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता वऱ्हाडात ‘ण’चा ‘न’ होतो. ही काही चूक नव्हे, तो तिथल्या जिभेचा साधेपणा आहे. पण तो ‘न’ जबलपूरला पोचला की हिंदीत उतरतो, आणि हिंदीत उतरलेल्या तानेला गवई लागतो. आमच्या अंकुरला मराठी समजते, म्हणजे तसं तो समजतो. मामाचा आदेश त्यानं तत्काळ कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला : ‘मामाजी ने कहा है, नाशपाती को तान देनी है. कोई जानकार हों तो कृपया संपर्क करें.’ मला हे कळायचा मार्ग नव्हता. त्या ग्रुपमधून मला काढलेलं आहे. रत्नाकरांनी ‘सुप्रभात, आज का दिन शुभ है’ असं टाकलं होतं, त्यावर मी ‘कशावरून’ एवढंच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी गणपतराव गाडीत बसून परत गेले, आणि त्याच सकाळी अनुपमजी मफलर बांधून, तंबोरा घेऊन फाटकापाशी आले. झाडासमोर सतरंजी घातली.

“कौन से राग की तान रहेगी?” त्यांनी मला विचारलं. “सुबह का समय है, मैं तो भैरव सोच रहा था. मगर फल के लिए कुछ शृंगार भी चाहिए.”

मी समजावायला तोंड उघडलं. पुष्पानं माझी बाही ओढली.

“राहू द्या,” ती हळूच म्हणाली. “एवढ्या थंडीत आले. आन् तुमच्यासाठी रडायलाही आले होते.”

अनुपमजी डोळे मिटून गायले. वाईट नाही गायले. निवृत्तीनंतर त्यांना श्रोता मिळाला नव्हता, आणि असा तर जन्मात मिळाला नसेल, जो मध्येच उठून जाऊ शकत नाही. आठवड्याभरात त्यांच्या जुन्या शिष्या येऊ लागल्या, मग पेटी आली, मग पेटीसाठी टेबल. आणि रोज गाणं संपलं की अनुपमजी आपला तांब्या झाडाच्या बुंध्याशी रिकामा करायचे. “गला सबका सूखता है,” म्हणायचे.

गणपतरावांचा वरूडहून फोन आला. “तान बसला का?”

“रोज बसतो,” मी म्हणालो. “सकाळी, पेटीसकट.”

“आन् पानी?”

“तांब्याभर.”

मग ते म्हणाले, “तान कोनं तोडला माह्या?” मी म्हणालो, तुमच्या ताणाला तानेनंच तोडलं. ते म्हणाले, जवाईबापू, तुमी पेन्शनीत गेले तेव्हापासून तुमचं काही कळतच नाही.

या सगळ्यात झाडानं काय ठरवलं कोण जाणे, जानेवारीच्या सुरुवातीला त्याची सगळी पानं गळली. एकही राहिलं नाही. जमिनीत खोचलेल्या काठीत आणि त्याच्यात फरक एवढाच की काठीला फांद्या नसतात. अंकुरनं मोबाइल पाहून सांगितलं, की नाशपाती थंडीत पानं टाकून झोपते, तो तिचा स्वभाव आहे. पुष्पा ते ऐकून फाटकापाशी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात नखानं खरवडलेल्या सालीचा एवढासा तुकडा होता. आतून हिरवा. तिनं तो मला दाखवला, मग रत्नाकरांना.

रत्नाकरांनी चष्मा लावून पाहिला. “वहिनी, तुमच्यावर अविश्वास नाही. पण सभेसमोर ही साल चालणार नाही. ऑफिशियल पाहिजे. झाडाचा हयातीचा दाखला आणा.”

“झाडाचा?” मी विचारलं.

“का? आपन दोघं नोव्हेंबरात जाऊन देतो का नाही? मी स्वतः त्यांच्यासमोर उभा होतो, चालून दाखवलं, तरी मशीननं माझं बोट मान्य नाही केलं. तीन चकरा मारल्या मी, जिवंत असून. मग झाडाले सूट काहून?”

यात द्वेष नव्हता हे मला सांगायलाच हवं. माणसाला जे सोसावं लागलं ते इतर प्राणिमात्रांनीही सोसावं, ही त्यांची न्यायबुद्धी.

शहरातल्या झाडांकडे पाहणारं एक कार्यालय आहे. नाव घेत नाही, पेन्शन चालू आहे. तिथे योगेशजी नावाचे सद्गृहस्थ भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बाबूजी, ज़िंदा होने का प्रमाणपत्र हमारे यहाँ नहीं बनता. वैसा कोई प्रावधान ही नहीं है. हमारे यहाँ सिर्फ़ काटने की अनुमति होती है.”

“मुझे तो बचाना है.”

“तो काटने का आवेदन दीजिए,” ते म्हणाले. “हम आएँगे, देखेंगे पेड़ ज़िंदा है, और आवेदन नामंज़ूर कर देंगे. नामंज़ूरी में साफ़ लिखा रहेगा कि पेड़ जीवित है. वही ले जाकर दिखा दीजिए.”

“और मंज़ूर हो गया तो?”

योगेशजी हसले. शेजारच्या टेबलावरचेही हसले. “आज तक किसी का हुआ है?”

पटण्यासारखं होतं. उभ्या आयुष्यात माझं कुठलंही काम कुठल्याही कार्यालयात पहिल्या फटक्यात मंजूर झालेलं नव्हतं, आणि या परंपरेचा एकदा तरी फायदा घ्यावा असं मला वाटलं. मी अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात ‘वृक्ष के कारण वाहन खड़ा करने में बाधा’ असं लिहिलं, म्हणजे ते नामंजूर करताना त्यांना वाईट वाटू नये. पुष्पाला सांगितलं नाही. निकाल आल्यावर तिला चकित करायचं होतं.

मंजूर झाला.

कुणी पाहायला आलं नाही, कुणी काही विचारलं नाही. अनुमतीचा कागद सोसायटीच्या पत्त्यावर गेला, म्हणजे रत्नाकरांच्या हातात. पण माणूस नियमाचा. सभेपुढे वाचल्याशिवाय फांदीला हात लावणार नाही म्हणाले. सभा बोलावली, गणसंख्या भरली नाही. पुन्हा बोलावली, त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता. अशा रीतीनं फेब्रुवारी उजाडल्यावर एकदाची सभा झाली आणि रत्नाकरांनी कागद वाचला, मोठ्यानं, शिक्क्यासकट.

“अर्ज कोणी केला?” पुष्पानं विचारलं.

रत्नाकरांनी कागद नाकाजवळ नेला. त्यांनाही बरं वाटलं नसावं. “वहिनी, सही तर यांची आहे.”

मी प्रावधान समजावायला उभा राहिलो. नामंजुरीतून हयात कशी सिद्ध होते हे मी सविस्तर सांगितलं. सभेत कुणी जांभईसुद्धा दिली नाही. पुष्पानं सगळं ऐकलं.

“मला वाटलं, तुम्ही रेतीपाशी थांबाल,” ती म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाकर करवतवाल्याला घेऊन आले. अनुपमजी सतरंजीवर होतेच, म्हणाले बंदिश पूरी हो जाने दीजिए. बंदिश विलंबित होती. पुष्पा भरलेली बादली शेजारी ठेवून पायरीवर बसली होती. ती बादली तिनं का भरली होती हे मी विचारलं नाही. त्या दोन दिवसांत मी तिला काहीच विचारत नव्हतो. मी फाटकापाशी उभा होतो, आणि फाटकाचा खांब जेवढा उपयोगी पडतो तेवढा पडत होतो.

तेवढ्यात स्कूटरवरून योगेशजी आले. बगलेत फाइल. झाडाकडे पाहून ते जागच्या जागी थांबले.

“यह अभी तक खड़ा है?”

“बस, अभी काट रहे हैं,” रत्नाकर म्हणाले. “अनुमति है हमारे पास.”

“अनुमति की मियाद परसों निकल गई,” योगेशजी म्हणाले. “मियाद के बाद रिपोर्ट देनी पड़ती है कि पेड़ कट गया. मैंने दे दी. आज तो बस फ़ोटो लेने आया था ख़ाली जगह का.”

“तो आज काट देते हैं, फ़ोटो ले लीजिए.”

“कैसे काट देंगे? काग़ज़ पर आपका पेड़ कट चुका. अब जो काटेंगे वह दूसरा पेड़ माना जाएगा. दूसरे की अनुमति कहाँ है? बिना अनुमति पेड़ काटना जुर्म है, भाईसाहब.”

रत्नाकरांनी जरा विचार केला. “तो दूसरे का आवेदन दे देता हूँ.”

“किस पेड़ का?” योगेशजींनी फाइल उघडून त्यांच्यासमोर धरली. “यहाँ तो कोई पेड़ है ही नहीं.”

“एंट्री हो गई?”

“ऊपर चली गई.”

ज्याची सारी नोकरी फॅक्टरीत गेली, त्याला वर गेलेली एंट्री म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ती गोळ्यासारखी असते, सुटली की परत नळीत येत नाही. रत्नाकरांनी करवतवाल्याला हातानं जायची खूण केली. करवतवाला झाडाकडे, मग फाइलकडे, मग माझ्याकडे पाहत निघून गेला. या तिघांत वेडं कोण हे त्याचं अजून ठरलेलं नव्हतं.

अनुपमजींची बंदिश संपली. पुष्पा पायरीवरून उठली.

“भैया, पानी डाल सकती हूँ?”

“किसमें, माताजी?” योगेशजी म्हणाले. ते कामात पक्के होते.

तिनं बादली उचलली आणि तिथे नसलेल्या झाडाच्या बुंध्याशी वाकून, हातानं धार अडवत, हळूहळू पाणी सोडू लागली. रत्नाकर थोडा वेळ गाडीच्या किल्लीशी चाळा करत उभे राहिले. मग ती खिशात टाकून जवळ आले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि रेतीत पाणी कुठवर उतरतं ते पाहू लागले.

“वहिनी, इकडून सोडा,” ते म्हणाले. “या बाजूच्या फांदीले डोळा फुटून राहिला.”

मी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा केला. पुष्पानं कप घेतला, माझ्याकडे न बघता, पण घेतला. योगेशजींनी आपला चहा भिंतीकडे तोंड करून प्यायला, कारण इकडे पाहिलं असतं तर त्यांना ते लिहावं लागलं असतं.